नाडीचे बोलणे

रक्तदाब हा शब्द आता घरोघरचा झाला आहे. सायंकाळी तापीकाठी फिरावयास येणाऱ्या निवृत्त मंडळींत जाऊन बसावे, तर पावसापाण्याची आणि केळीच्या भावाची चौकशी आटोपताच विषय निघतो तो ‘वरच्या’ आणि ‘खालच्या’ आकड्याचा. जन्मतारीख सांगावी तशा निश्चयाने माणसे आपापला आकडा सांगतात. आम्हांस मात्र असे वाटते की, हा आकडा म्हणजे शरीराने त्या क्षणापुरता जुळवलेला जमाखर्च आहे. तो जुळवण्यासाठी आत कोणाकडून काय काढून घेतले आणि कोणाला काय दिले, हे आकडा सांगत नाही.

असे वाटू लागण्यास निमित्त झाला असीरगड. बऱ्हाणपुराच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरवर, सातपुड्यातील एका डोंगरावर हा किल्ला आहे. पायथ्यापासून माथा सुमारे २५० मीटर उंच. दक्खनचा दरवाजा म्हणून त्याची ख्याती. १६०१ साली तो अकबराच्या हाती आला. पावसाळा सरला की आम्ही पाचसहा जण पायवाटेने वर जात असतो. आमच्यातील एक गृहस्थ शरीरशास्त्राचे निवृत्त अध्यापक आहेत. एका वर्षी त्यांनी दंडाला बांधावयाचे यंत्र बरोबर घेतले आणि पायथ्याशी, अर्ध्या वाटेवर व माथ्यावर प्रत्येकाचा दाब आणि नाडी मोजली. चढणीवर वरचा आकडा चांगलाच चढला होता, खालचा जवळजवळ जागच्या जागी होता, आणि नाडी दुपटीच्या घरात गेली होती. माथ्यावर सावलीत काही वेळ विसावल्यानंतर दोघांचा वरचा आकडा पायथ्यापेक्षाही थोडा खाली आलेला दिसला. यंत्र बिघडले असावे, असा एकाने शेरा मारला. अध्यापक हसले आणि त्यांनी तिथेच, तटाच्या दगडावर बसून आम्हांस जे समजावून सांगितले, ते आमच्या मनात घर करून राहिले.

विश्रांतीत मनुष्याचे हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. निरोगी तरुणाने जोराचे श्रम केले की हेच माप २० लिटरपर्यंत जाते. विश्रांतीत त्यातील जेमतेम पाचवा हिस्सा स्नायूंना मिळतो. कठोर श्रमात ८० टक्क्यांहून अधिक स्नायूच घेतात. आता चौपट रक्त त्याच नळ्यांतून धावू लागले, तर दाबही चौपट व्हावयास हवा. तसे होत नाही, कारण नळ्या त्याच राहत नाहीत. काम करणाऱ्या स्नायूत तयार होणारी द्रव्ये व वाढलेली उष्णता तिथल्या बारीक रोहिण्यांना सैल करतात. नळीची त्रिज्या दुप्पट झाली की, दाब तोच असता, तिच्यातून सोळापट प्रवाह जाऊ शकतो. म्हणून रोहिणी केसभर रुंदावली तरी पुरते. त्याच वेळी आतडी आणि मूत्रपिंडे यांच्याकडे जाणाऱ्या वाटा आवळल्या जातात. मेंदूचा वाटा मात्र फारसा हलू दिला जात नाही. दुष्काळात गावाने पाण्याच्या पाळ्या बांधाव्यात, तशी ही व्यवस्था आहे. चढणीवर भरल्या पोटाने का जाऊ नये, हे जुनी माणसे सांगत. त्याचे कारण या पाळ्यांत आहे.

या वाटपावर देखरेख कोणाची? गळ्यात, जबड्याच्या कोनाखाली मोठी रोहिणी जिथे दुभागते तिथे, आणि हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानीत, भिंतीचा ताण ओळखणारी चेतातंतूंची टोके आहेत. दाब वाढला की भिंत ताणली जाते व तंतूंतून मेंदूच्या तळाशी, मस्तिष्कपुच्छाकडे, वर्दी जाते. तेथून हृदयाला सबुरीचा आणि रोहिण्यांना सैल होण्याचा निरोप येतो. दाब घटला की याच्या उलट. याची सुरुवात एकदोन ठोक्यांच्या अवधीत होते. श्रमाच्या वेळी शरीर ही पहारेदारी बंद करीत नाही. तेवढ्या वेळापुरती तिची अपेक्षाच वरच्या पायरीवर नेऊन ठेवते. शिवाय मेंदू स्नायूंच्या मागणीची वाटही पाहत बसत नाही. पहिली पायरी चढण्याचा संकल्प झाला की हृदयाची गती वाढू लागते.

हृदयाकडे रक्त परत आणण्याचे कामही कमी अवघड नाही. आमच्या गावच्या कुंडी भांडाऱ्यात, खानखानान अब्दुल रहीमच्या काळात, १६१५च्या सुमारास, सातपुड्यातून झिरपणारे पाणी भुयारांतून गावाकडे आणले गेले. ते पाणी केवळ उताराच्या बळावर वाहते. त्याला परत डोंगरावर जावयाचे नसते. उभ्या माणसाच्या पावलांतील रक्ताला मात्र छातीपर्यंत चढून जावे लागते. शरीरातील निम्म्याहून बरेच अधिक रक्त कोणत्याही वेळी नीलांमध्ये असते. चालताना पोटरीचे स्नायू या नीला पिळतात, आणि नीलांतील झडपा रक्ताला खाली घसरू देत नाहीत. म्हणूनच दमून धावत येऊन एकदम स्तब्ध उभे राहिल्यास घेरी येते: स्नायूंतील वाटा अजून उघड्या असतात, पण पोटरीचा पंप थांबलेला असतो. माथ्यावर आमच्या सोबत्यांचा आकडा उतरला होता, त्याचेही कारण हेच, की सैलावलेल्या रोहिण्या पूर्ववत होण्यास वेळ घेतात.

चालण्याचे श्रम एक आणि ओझे धरून ठेवण्याचे श्रम निराळे. हमाल केळीचे जड घड खांद्यावर तोलून उभा राहतो, तेव्हा ताणलेला स्नायू आपल्याच रक्तवाहिन्या दाबून धरतो. स्नायू रक्तासाठी ओरड करतो आणि वाट तर बंद. मग वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे चढतात. त्यात वैशाखाचे ऊन असले तर आणखी एक मागणीदार उभा राहतो, तो म्हणजे त्वचा. अंग थंड ठेवण्यासाठी तिला रक्त हवे, आणि घामावाटे तर मुळातच पाणी घटलेले. यंत्रमागांच्या तप्त शेडमध्ये दिवसभर उभ्याने काम करणारा माणूस अकस्मात कोसळतो, तेव्हा हृदय दुबळे असते असे नव्हे. वाटेकरी अनेक आणि साठा अपुरा, अशी त्याची गत झालेली असते.

असीरगडावर गेले की अश्वत्थाम्याची गोष्ट निघतेच. कपाळावरची भळभळती जखम घेऊन तो युगानुयुगे या डोंगरात फिरतो आणि तेल-हळद मागतो, अशी इकडची समजूत. न थांबणाऱ्या रक्ताचे भय लोकमनात किती खोल आहे, हे या कथेत दिसते. पण बऱ्हाणपुरास न थांबलेल्या रक्ताची एक खरी हकीकतही आहे, आणि ती आम्हांस दंतकथेहून अधिक अस्वस्थ करते.

१६३१ साली शाहजहान दक्खनच्या मोहिमेसाठी या शहरात मुक्कामास होता. भोवताली दुष्काळ होता. १७ जून रोजी, दीर्घ प्रसववेदनांनंतर, मुमताज महलने आपल्या चौदाव्या अपत्यास, गौहर आराला, जन्म दिला. आणि त्यातच तिचा अंत झाला. वय अवघे ३८. तिचा देह तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत ठेवण्यात आला व त्याच वर्षाच्या अखेरीस आग्र्यास नेण्यात आला. प्रसूतीनंतरचा अनावर रक्तस्राव हे तिच्या मृत्यूचे कारण सामान्यतः मानले जाते. ताजमहालाची कथा जग जाणते. ती जिथे सुरू झाली, त्या तापीच्या काठावरच्या खोलीत काय घडले असेल, याचा विचार क्वचितच होतो.

गर्भारपणी स्त्रीच्या शरीरातील रक्त सुमारे ४० टक्क्यांनी वाढते. दिवस भरत येतात तेव्हा गर्भाशयाकडे मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त वाहत असते. वार सुटली की या साऱ्या वाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. त्यांना बंद करतो तो गर्भाशयाचाच स्नायू. त्याचे आडवेतिडवे तंतू आवळले जातात आणि वाहिन्यांना जणू गाठी मारतात. अनेक बाळंतपणे झालेला, लांबलेल्या वेणांनी थकलेला गर्भाशय कधी कधी आवळतच नाही. मग काही मिनिटांत लिटरभर रक्त जाऊ शकते.

आता जी यंत्रणा चढणीवर आम्हांस सांभाळत होती, तीच येथे धावून येते. हृदय वेग वाढवते. त्वचा, आतडी, मूत्रपिंडे यांच्या वाटा आवळल्या जातात. नीलाही आकसून आपला साठा मोकळा करतात. परिणाम असा की बरेच रक्त जाऊनही रक्तदाबाचा आकडा जवळजवळ पूर्वीसारखाच राहतो. तरुण, धडधाकट बाळंतिणीत तर लिटरभर रक्त गेल्यावरही तो फसवा दिलासा देऊ शकतो. बाहेरून सारे ठीक दिसते, कारण आत सर्वस्व पणाला लागलेले असते. आणि ही राखीव शक्ती संपली की दाब हळूहळू उतरत नाही, तो ढासळतो. तोपर्यंत हाताशी असलेला वेळ निघून गेलेला असतो.

मात्र नाडी आधीच बोलू लागलेली असते. तळहात गार पडतात, कपाळावर घाम येतो, जीव कासावीस होतो, लघवी कमी होते. ही सारी लक्षणे म्हणजे आवळलेल्या वाटांच्या खुणा होत.

आमच्या घरातील एका सुनेच्या बाळंतपणात आम्ही हे जवळून पाहिले. मुलगी झाली, पेढे वाटले गेले, रक्तदाब ‘नॉर्मल’ असल्याचे सर्वांस सांगण्यात आले. रात्रपाळीच्या परिचारिकेने मात्र सहज मनगट धरले आणि घड्याळाकडे पाहत उभी राहिली. नाडी १२०च्या वर होती. तिने पांघरूण दूर करून पाहिले, पोटावर हात ठेवून गर्भाशय चाचपला, आणि डॉक्टरांना बोलावणे धाडले. पुढचा तासभर कसा गेला, ते आठवले की अजूनही हात गार पडतात. नात आज शाळेत जाते. तिच्या आईस जीवदान मिळाले ते त्या बाईंच्या तीन बोटांमुळे, अशी आमची श्रद्धा आहे.

मुमताजच्या वेळीही नाडी पाहणारे हकीम होते. नब्ज ही त्यांची विद्याच होती. विल्यम हार्वे याने रक्त शरीरात चक्राकार फिरते हे सिद्ध करणारा ग्रंथ अवघ्या तीन वर्षांपूर्वी, १६२८ साली, प्रसिद्ध केला होता. रक्तदाब मोजणारा दंडपट्टा १८९६ सालचा, रिव्हा-रोची या इटालियन वैद्याचा. गर्भाशय आवळणारे ऑक्सिटोसिन, दुसऱ्याचे रक्त सुरक्षितपणे देण्याची सोय, ही सारी त्याहूनही नंतरची. तेव्हा धोका ओळखता आला असता, तरी तो टाळण्याचे साधन हाती नव्हते. साम्राज्याच्या खजिन्याने जे विकत घेता आले नाही, ते आज तालुक्याच्या दवाखान्यात मिळणे शक्य आहे. म्हणूनच आज होणारा असा प्रत्येक मृत्यू अधिक बोचतो. मातामृत्यूंच्या प्रमाणात आमचे राज्य अजूनही देशात वरच्या क्रमांकांत आहे. देशातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी. २०१९-२१च्या राष्ट्रीय पाहणीत हे प्रमाण ५७ टक्के होते. ज्यांचा साठा आधीच तुटपुंजा, त्यांच्याकडून शरीर उसने तरी किती घेणार?

उपाय मात्र अवघड राहिलेला नाही. २०२३ साली केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया येथील ८० रुग्णालयांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रसूतीनंतर मापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची झोळी स्त्रीखाली ठेवून रक्त अंदाजाने न ठरवता मोजले गेले, आणि प्रमाण ओलांडताच सारे उपचार एकदम सुरू केले गेले. तीव्र रक्तस्राव व त्यातून ओढवणारे गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले. नवे औषध त्यात कोणतेच नव्हते. लवकर पाहणे आणि लगेच हात चालवणे, एवढेच होते.

अलीकडे आम्ही जैनाबादच्या बाजूस गेलो की तेथील पडक्या कमानींपाशी थोडे थांबतो. प्रेमाची स्मृती म्हणून लोक तिकडे जातात. आम्हांस तेथे एक बाळंतीण आठवते, जिच्या शरीराने अखेरपर्यंत आपला तोल राखण्याची पराकाष्ठा केली असेल. शरीराच्या या इमानाचे आम्हांस नेहमी आश्चर्य वाटते. पण त्या इमानावर विसंबून राहण्याचा अधिकार पाहणाऱ्यास नाही. बाळंतिणीच्या खाटेजवळ बसणाऱ्या प्रत्येक आईने, सासूने, नवऱ्याने दाबाचा आकडा जरूर विचारावा. आणि मग तिचे मनगट हाती घेऊन, घड्याळ समोर ठेवून, एक मिनिट नाडीही मोजावी. ती शंभरावर धावत असेल, तर कोणी काहीही म्हणो, डॉक्टरांना हाक मारावी.