पन्नास पैशांचं पोस्टकार्ड

अंगावर पाकीट नाही, पोटात गुपित नाही. पिवळसर वर्ण, हाताच्या पंजाएवढा देह. १८७९ साली पाव आण्याला भारतात आलेलं पोस्टकार्ड पुढं वर्षानुवर्षं पन्नास पैशांवर समाधानी राहिलं. स्वभाव मात्र शिस्तीचा. पाल्हाळ त्याला खपत नाही. जागा संपली की बोलणं संपलं.

खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकरांनी या शिस्तीचं सोनं केलं. मुलं सहीसाठी वह्या पुढं करीत. नारळीकर सांगत, पोस्टकार्डावर विज्ञानातला प्रश्न लिहून पाठव. उत्तर देईन, त्याखाली सही असेल. 'आयुका'सारखी खगोलशास्त्राची संस्था उभी करणाऱ्या माणसापाठी कामं काय थोडी होती? पण कार्ड त्यांच्याकडून ग्रंथ मागत नव्हतं, चार ओळी मागत होतं. मुलाचीही नुसती वही पुढं करून सुटका नव्हती. घरी जाऊन, विचार करून, एक प्रश्न नेमका मांडावा लागे. दोघांवरही ओझं पडे, पण पेलण्याइतकंच. आणि खालची सही सांगे, या उत्तराची जबाबदारी माझी.

आमच्या कोकणातल्या जामसंड्यात अशा प्रश्नांना तोटा नाही. 'भरती रोज उशिरान कित्याक येता?' हाच घ्या. किनाऱ्यावरची जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची अंदाजे वेळ काढतात, पंचमीला पावणेचार. म्हणजे रोज पाऊण तास उशीर. याचं कारण अभ्यासक सांगेल: भरती येते चंद्राच्या ओढीनं, आणि पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी घेते तेवढ्यात चंद्र पुढं सरकलेला असतो, त्याला गाठायला तिला सुमारे पन्नास मिनिटं जास्त लागतात. पंचेचाळीस आणि पन्नास, अंतर ते किती! आजोबांचा आडाखा, नातवाचं कुतूहल आणि अभ्यासकाचं कारण एका कार्डावर सुखानं मावतं. नवखा रिकाम्या हातानं येत नाही. डोळ्यांनी पाहिलेलं घेऊन येतो. जाणकारानं ते आधी वाचायला हवं.

२० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. त्यांची रीत जायला नको. मुलांनो, आधी नीट पाहा, मग एकच प्रश्न विचारा. आणि देवगड-जामसंड्यातल्या शिक्षकांनो, डॉक्टरांनो, निवृत्त इंजिनिअरांनो, आठवड्याला एका मुलाला उत्तर लिहा. थोडक्यात लिहा, आणि खाली सही करा.