वंशावळीतून गळालेली नावे

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, निर्मळ, गास, भुईगाव, नंदाखाल या बाजूच्या वाड्यांतून, मधुमेहाच्या आनुवंशिकतेविषयी विचारपूस करीत फिरताना दोन विधाने बहुतेक प्रत्येक ओसरीवर माझ्या कानी पडतात : एक, “आमच्या घराण्यातच साखर आहे, तिथे कोणाचा इलाज?” आणि दुसरे, “आमचे आजोबा नव्वदीपर्यंत वाडीत राबले. ती हाडेच निराळी!” दोन्ही विधाने अनुभवातून आलेली असली, तरी रोग कोणत्या कुळात, कोणत्या वयात आणि कोणत्या परिस्थितीत उद्भवतो याचा हिशेब ठेवणारे माझे शास्त्र ती जशीच्या तशी स्वीकारू शकत नाही.

आधी आजोबांविषयी. पुरुषांना चौकोन, स्त्रियांना वर्तुळ आणि मृतांवर तिरपी रेघ, अशी तीन पिढ्यांची वंशावळ आम्ही कागदावर मांडतो. घरच्यांच्या सांगण्यावरून आजोबांना दोनच भावंडे दिसतात. परंतु चर्चच्या दफ्तरातील बाप्तिस्म्याच्या व दफनाच्या नोंदी, अथवा हिंदू घराण्यांच्या बाबतीत गावातील जन्ममृत्यूंची नोंद असलेले जुने कोतवाल बुक उघडले, की कोणी आठ दिवसांचे, कोणी दोन वर्षांचे होऊन गेलेले, कुटुंबाच्या स्मृतीतून पार गळालेले जीव एकेक करून प्रकट होतात. देवी, हिवताप आणि हगवण यांनी ज्यांना वगळले, त्यांचेच वार्धक्य आपण पाहिले. त्या निवडक वृद्धांशी आजच्या सरसकट पन्नाशीची तुलना करणे न्याय्य नाही. आज बहुतेक सर्व भावंडे पन्नाशी गाठतात, आणि उतारवयाची वाट पाहणाऱ्या रोगांना ती सर्वच सापडतात.

आता घराण्यातील साखर. आइसलँडमधील संशोधकांनी २००६ साली टीसीएफ७एल२ या जनुकाचा मधुमेहाशी असलेला संबंध दाखविला, आणि पुढच्याच वर्षी पुण्याचे केईएम रुग्णालय व हैदराबादची सीसीएमबी यांच्या संशोधनाने तो आपल्याकडेही खरा ठरविला. या जनुकाच्या सदोष रूपाची एकेक प्रत मधुमेहाचा धोका सुमारे दीडपट करते. धोका दीडपट होणे आणि रोग अटळ असणे यांत मात्र मोठेच अंतर आहे. शिवाय दोन पिढ्यांत जनुके बदलत नाहीत. बदलली ती वसई : जिथे रहाटाने बावखलाचे, म्हणजे वाडीतल्या तळीवजा विहिरीचे, पाणी काढून केळी आणि पानवेली शिंपल्या जात, तिथे आता मोटारपंप आणि इमारती आल्या, आणि वाडीत दिवसभर वाकणारे शरीर लोकलने कचेरी गाठून खुर्चीत बसू लागले.

जनुके आणि बदललेली परिस्थिती या दोहोंखेरीज तिसराही वारसा आहे, तो गर्भाशयाचा. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा जो अभ्यास आरंभिला, त्यात तेथील नवजात बालके सरासरी २.७ किलोग्रॅमची, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची सुमारे ३.५ किलोग्रॅमची आढळली. परंतु खांद्याच्या फऱ्याखालची कातडी चिमटा-मापकाने मोजता आपली बालके स्नायूंनी कृश असूनही मेदाने जवळजवळ तितकीच भरलेली निघाली. त्या मातांपैकी सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांत ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव होती, आणि ज्यांच्यात ते कमी पण फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला न जुमानण्याची प्रवृत्ती सर्वांत अधिक दिसली. म्हणजे आजीच्या, आईच्या ताटात जे वाढले गेले नाही, तेही नातवंडांकडे वारसाहक्काने येते, आणि घरची माणसे त्यालाच ‘घराण्याचे रक्त’ म्हणतात.

म्हणून घराण्यातील साखर ही मी वेळेवर मिळालेली इत्तिला समजतो. जिच्या आईवडिलांना मधुमेह आहे, त्या व्यक्तीने तिशी गाठण्याची वाट न पाहता रक्त तपासून घ्यावे. घरातल्या वाढत्या मुलीच्या ताटाकडे तिच्या लग्नाच्या कितीतरी आधी लक्ष पुरवावे. आणि वंशावळ मांडताना दफ्तरातली ती लहान नावेही तिच्यात लिहावी, कारण त्यांच्यावाचून आपल्या आरोग्याचा हिशेब कधीच जुळणार नाही.