ढालवाला नायक

'मुलं ती जपानी कार्टून काय बघत बसतात?' असं तुम्हीही म्हणत असाल. मीही म्हणायचो. मग पाथर्डी तालुक्यातल्या माझ्या वर्गात एका ऊसतोड कामगाराच्या मुलाने 'द रायझिंग ऑफ द शील्ड हीरो'ची गोष्ट सांगितली. चार तरुणांना दुसऱ्या जगात बोलावतात. तिघांना तलवार, भाला, धनुष्य मिळतं. नाओफुमीला नुसती ढाल!

"सर, त्याला कुणी विचारतच नाही," तो म्हणाला.

हा मुलगा दिवाळीच्या सुमारास आई-वडिलांबरोबर फडावर जातो, उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. तिथे कोपीत राहतो, मोळ्या मोजतो, बैलांना चारा घालतो, धाकटीला सांभाळतो. परतल्यावर मी काय विचारायचो? बुडालेले धडे. बाकी काहीच नाही.

मला वाटतं, नाओफुमी जिंकतो म्हणून मुलांना आवडत नाही. सगळ्यांनी हिणवलेली ढालच शेवटी कामी येते, म्हणून आवडतो.

परवा गुणाकाराला मी मोळ्यांचंच गणित घेतलं. एका बैलगाडीत किती मोळ्या बसतात, हे मला कुठे माहीत! त्याला फळ्याजवळ बोलावलं. मागच्या बाकावरून यायला त्याने वेळ लावला, पण हातात घेतलेला खडू घंटा होईपर्यंत सोडला नाही.