टांगलेले माइक

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या रंगमंचावर नट माइक हातात धरत नाही. माइक वरून टांगलेले असतात आणि भांडण, रडणं, लावणी, सगळं त्यांच्याखाली घडतं. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की वडशाच्या नाट्यकंपन्या गावोगाव निघतात. चामोर्शीकडच्या गावांत त्यांच्या नाटकांना साउंड मी सांभाळतो. आवाज वाढवणं कुणालाही जमतं. या कामातलं खरं कसब माइकचा आवाज वेळेवर उतरवण्यात आहे.

स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरला की शिट्टी वाजते. उघडे माइक दुप्पट झाले की ती वाजण्याआधी हाताशी असलेली जागा तीन डेसिबलने घटते. एकाचे चार केले तर सहा गेले. म्हणून ज्याच्याखाली कुणी नाही तो माइक उतरवायचा, नट सरकला की पुढचा चढवायचा. त्यासाठी नाटक ठाऊक हवं. कोण कुठून येणार, कोण कुठे कोसळणार. त्यात आमच्याकडे नटांना वाक्यं पुरवणारा प्रॉम्प्टर असतो. त्याच्या बाजूचा माइक जरा जास्त उघडा राहिला, की मरणाऱ्या बापाचं वाक्य प्रेक्षकांना दोनदा ऐकू येतं आणि प्रसंग हातचा जातो.

गाण्यात वेगळीच ओढाताण. 1925 च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं आणि जगभर हळू आवाजात गाणारे गायक पुढे आले. ओठांशी माइक असला की कुजबुजही गाता येते. आमचा माइक डोक्याच्या वर. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने पडतो, म्हणून इथे गळा मोकळा सोडूनच गावं लागतं. 2023 साली पद्मश्री मिळालेले परशुराम खुणे ज्या रंगभूमीवरचे, तिथला नट असाच पल्ल्याचा आवाज कमावतो. मला तो आवाज फार मोलाचा वाटतो.

ठोका देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ऑक्टोपॅडला मात्र माइक लागत नाही. त्याची वायर थेट मिक्सरला. शिट्टीचं भय नाही, दमही लागत नाही. तो हवा तेवढा चढतो, गाणारी चढू शकत नाही. हल्ली अनेक ठिकाणी ठोका छातीवर आदळतो आणि शब्द कुठेच नसतात. पोरं नाचतात, हे खरं. पण मागे शाल पांघरून बसलेल्या बाया कथेसाठी आलेल्या असतात.

म्हणून मी आधी गाणारीचा माइक शिट्टीच्या अलीकडे नेऊन ठेवतो, मग तबला, ऑर्गन आणि सगळ्यात शेवटी ऑक्टोपॅड. वादक खुणेने ‘वाढव’ म्हणतो. शेवटच्या रांगेत शब्द पोचतायत तोवर वाढवतो, त्यापुढे नाही.