हिशेबाचे पैसे

दिवाळी जवळ आली की शहरात अपंगांनी केलेल्या पणत्यांची अन् मेणबत्त्यांची विक्री सुरू होते. मंडळी मोठ्या प्रेमाने घेतात. भाव कोणी करीत नाही, उरलेली चिल्लर कोणी परत घेत नाही, आणि मग वर्षभर तिकडे कोणी फिरकतही नाही! या खरेदीवर माझा राग नाही. पण ती खरेदी की दान, याचा उलगडा मला आमच्या देवळ्यातल्या एका शिंप्याने करून दिला.

त्याचा एक पाय लहानपणीच पोलिओने गेलेला. त्याने मशीनला मोटर बसवून घेतली आहे. तिची कळ दाबायला एक पाय पुरतो. कांद्याचा पैसा घरात आला की गावकरी कपडे शिवायला टाकतात, तेव्हा त्याला मान वर करायला फुरसत नसते. एकदा माझ्यादेखत एका गिऱ्हाइकाने, ‘राहू द्या वरचे,’ म्हणून उदार हात हलवला. याने सुटे पैसे मोजून त्याच्या तळहातावर ठेवले.

‘‘दादा, हे घेऊन जा. त्यापेक्षा कॉलर वाकडी बसली तर तोंडावर सांगत जा. मला वाईट वाटेल म्हणून लोक बोलत नाहीत, अन् पुढचा कपडा दुसरीकडे टाकतात.’’

दयेला चूक दिसत नाही, असे थोडेच आहे? ती फक्त बोलत नाही. आणि भीतीची तऱ्हा आणखी निराळी. बाबा आमट्यांनी १९५१ च्या सुमारास वरोऱ्याजवळच्या माळावर आनंदवन वसवले. तिथल्या कुष्ठरोग्यांनी विहीर खणली, भाजी पिकवली. पण गावातले लोक ती घेईनात. पुढे परदेशांतून आलेले तरुण स्वयंसेवक तिथे राहून त्यांच्याबरोबर राबले, तेव्हा कुठे गावाची भीती ओसरू लागली. हातांना काम येत होते. अडले होते ते गिऱ्हाइकापाशी.

सरकारने १९९५ च्या कायद्याने नोकऱ्यांत किमान ३ टक्के जागा राखल्या, २०१६ च्या कायद्याने ४ टक्के केल्या. फार चांगले झाले. पण कायदा खुर्ची देतो. त्या खुर्चीतल्या माणसाला साहेबाने इतरांसारखेच रागवावे अन् इतरांसारखीच बढती द्यावी, हे कोणत्या कलमात बसवणार?

आमच्या एका विद्यार्थिनीला ऐकू येत नाही. पदवी मिळताच तिला एका व्यापाऱ्याकडे संगणकावर नोंदी करायचे काम चालून आले. पेढे घेऊन ती आली, तेव्हा प्राध्यापकांच्या खोलीत जिद्द, आदर्श, प्रेरणा असे एकापेक्षा एक भारदस्त शब्द बाहेर पडले. तिने ओठांवरून काही टिपले, काही सोडून दिले असावे. मग माझ्यापुढे वही सरकवली. तीत लिहिले होते :

‘सर, ते नऊ हजार म्हणतात. तिथल्याच दुसऱ्या मुलीला बारा आहेत. मी किती मागू?’