शंभरचा बल्ब

गेल्या मार्चमध्ये आमच्या विहिरीवरची पाच एचपीची मोटार जळाली. ती मी जाळली, असं आज सरळ लिहितोय. तेव्हा मात्र मी दोष द्यायला दुसरं कुणीतरी शोधत होतो.

वडूजजवळ येरळेच्या काठाला आमची जमीन आहे. नदी बरेच महिने कोरडी, म्हणून सगळी भिस्त विहिरीवर. दादा शेती बघतो, मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. कांद्याला शेवटची दोन पाणी राहिली होती आणि लाईट रात्रीची. सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की चारशेचं व्होल्टेज तीनशेच्या घरात येतं. दादा म्हणाला, "ओव्हरलोड सारखा पडतोय. दहा मिनिटं मोटार चालंना."

मी तिथल्या तिथे गणित केलं. विभवांतर भागिले रोध म्हणजे धारा. व्होल्टेज उतरलं तर धाराही उतरणार, मग ओव्हरलोड होईलच कसा? म्हणजे रिलेच बिघडलाय. पेचकसाने रिलेचं सेटिंग आठवरून बारावर नेलं आणि दादाला सांगितलं, आता नाही पडणार. खरंच नाही पडला. तिसऱ्या रात्री वार्निश जळल्याचा वास वस्तीपर्यंत आला.

मोटार घेऊन वायंडिंगच्या दुकानात गेलो तो भांडायच्या तयारीनेच. मिस्त्री दहावी नापास. मी वर्गात पोरांना दम देताना म्हणायचो, "अभ्यास केला नाही तर वायंडिंगच्या दुकानात बसाल." हे वाक्य मी किती वर्षं वापरलं, ते आठवलं की अंगावर शहारे येतात. माझ्या समोरच्या बाकांवर अशा दुकानवाल्यांची पोरंही बसलेली असणार.

"गेल्या वर्षी तुम्हीच भरली होती. तार हलकी घातली असणार," मी म्हणालो.

मिस्त्री छिन्नीने खाचांतून काळं झालेलं वेटोळं उपसत होते. मान वर न करता म्हणाले, "तार चांगली हाय, सर. तिन्ही फेज सारखेच जळालेत. व्होल्टेज डाऊन असताना चालवलीय. लाईट दबली की मोटार जादा अँपिअर ओढती."

मी हसलो. त्यांच्याच बिलाच्या पाठीमागे सूत्र लिहून ओहमचा नियम समजावून सांगितला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मधे बोलले असते तर आज मला इतकं लागलं नसतं.

मग त्यांनी टेस्टिंगच्या होल्डरमधला शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब काढला. "ह्यो किती ओहम दावंल, सर?"

हे उदाहरण मला झोपेतही येतं. २३० चा वर्ग भागिले १००. "पाचशे एकोणतीस," मी म्हणालो.

त्यांनी मीटरच्या दोन पिना बल्बला लावल्या आणि मीटर माझ्याकडे फिरवला. ४१.

पिना नीट टेकल्या नसतील म्हणून मी स्वतः लावून बघितल्या. ४१. मीटरचा सेल उतरला असेल, असंही म्हणून झालं. त्यांनी काही न बोलता पाणी तापवायचा पंधराशे वॅटचा रॉड पुढे केला. त्याचं उत्तर सूत्राने पस्तीस येतं. मीटरवर पस्तीसच आलं. म्हणजे सेल ठीक होता.

"रॉडला तुमचं गणित बसतं," मिस्त्री म्हणाले. "बल्ब गार हाय तवर एवढाच दावतो. पेटला की वाढतो. मोटारीचं तर निराळंच."

बावीस वर्षं मी फळ्यावर ५२९ लिहीत आलो. एकदाही बल्बला मीटर लावला नाही. शाळेचा मल्टिमीटर कपाटात कुलपात होता, चावी माझ्याकडेच. पेटलेल्या बल्बची तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापते, रोध बारा-तेरा पट होतो. ५२९ चूक नाही, पण ते पेटलेल्या बल्बचं उत्तर आहे. नियमात 'भौतिक अवस्था कायम असताना' अशी अट असते. ती लिहिली नाही म्हणून मी पोरांचे मार्क कापलेत. ती अट कशासाठी आहे, हे मात्र मला त्या दुकानात, लाकडी बाकड्यावर बसून कळलं.

मोटारीचं कोडं त्यांनी एका प्रश्नात उलगडलं. चांगल्या मोटारीच्या दोन टोकांना मीटर लावला, चार ओहम. "आता चारशेला चारनं भागा. शंभर अँपिअर. मग मोटार आठच का ओढती?" कारण फिरणारी मोटार स्वतःच उलटा दाब तयार करते. जाम झाली तर पाच-सहा पट ओढते. आणि पंपाला पाणी तेवढंच उचलायचं असतं. शक्ती म्हणजे व्होल्टेज आणि धारेचा गुणाकार, थ्री फेजला त्यात आणखी दोन आकडे येतात इतकंच. काम तेवढंच आणि व्होल्टेज उतरलेलं, तर धारा वाढणारच. हेही सूत्र मी शिकवतच होतो. दुसऱ्या पानावर होतं.

मोटार बसवायला मिस्त्री स्वतः आले. दिवसा टाँग टेस्टर लावला तेव्हा ४१० व्होल्टला ७.८ अँपिअर. रात्री लाईट दबल्यावर मी एकटाच पुन्हा लावून बघितला: ३१० व्होल्ट, १०.४ अँपिअर. उष्णता धारेच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास पावणेदोन पट. मिनिटभरात मी बटण दाबून मोटार बंद केली आणि अंधारात बराच वेळ तिथेच उभा राहिलो.

ओहमने १८२७ मध्ये आपला नियम पुस्तकातून मांडला, तेव्हा तोही शाळामास्तरच होता. त्याचा बाप कुलपं करणारा कारागीर, आणि पोराला गणित शिकवलं ते त्या बापानेच. हे मी दरवर्षी वर्गात गोष्ट म्हणून सांगतो, आणि त्याच तासाला वायंडिंगच्या दुकानावरून पोरांना दमही देत होतो.

आता नववीच्या तासाला बल्ब आणि मीटर घेऊन जातो. पोरं ५२९ काढतात, मग मोजतात, मग माझ्याकडे बघतात. ते जमतंय.

एक जमलेलं नाही. मोटार बसवताना मिस्त्रींनी स्टार्टर उघडला, रिलेचा स्क्रू बारावरून पुन्हा आठवर आणला आणि माझ्याकडे एकदा बघितलं. दादा शेजारीच उभा होता. तो अजून डीपीला शिव्या देतो, आणि मी मान हलवतो.