सर्व्हर जिन्याखाली राहतो

‘सर्व्हर डाऊन आहे’ या वाक्याचं तुम्हा-आम्हाला कितीसं टेन्शन येतं? हिंजवडीत नाहीतर बीकेसीत बसणाऱ्यांसाठी ती चहाची सुट्टीच. दोन मजले खाली कुठेतरी आयटीवाली मंडळी एसीत धावपळ करतात, आपण कॅन्टीनमध्ये गप्पा मारतो आणि परत येईपर्यंत सगळं सुरू! पण ज्या ऑफिसात आयटीचा मजला सोडा, आयटीचा माणूसही नाही, जिथे सर्व्हर जिन्याखाली राहतो आणि त्याच्या शेजारी झाडू उभा असतो, तिथे हे वाक्य ऐकून लोकांचा चेहरा कसा होतो ते एकदा सोलापूरला जाऊन बघा.

माझ्या मामांचा तिथे टॉवेलचा कारखाना आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत. ऑफिसात अठरा कम्प्युटर, आत यंत्रमाग, ऐंशीच्या आसपास कामगार. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोघांनाही जीआय मानांकन आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्या टॉवेलवरचं डिझाइन कम्प्युटरवर होतं, हजेरी अंगठ्यावर लागते आणि पगार सॉफ्टवेअर काढतं, हे लग्नात टॉवेल-टोपीचा आहेर घेणाऱ्याच्या डोक्यातही येत नाही. हा सगळा डोलारा दोन मशीनवर उभा होता. एक तीन वर्षांपूर्वी घेतलेलं, 64 जीबी रॅमचं. दुसरं दहा वर्षांचं, 16 जीबीचं. त्याला मामा ‘म्हातारा’ म्हणतात.

गेल्या दिवाळीच्या आधीचा शनिवार. आठवड्याच्या पगाराचा दिवस, वर बोनसही. आणि पगाराचं सॉफ्टवेअर उघडेना! सपोर्टवाला मुलगा आला, त्याने दहा मिनिटांत कारण शोधलं. नव्या मशीनवर जागा रिकामी दिसली म्हणून कधीतरी कुणीतरी गेटवरच्या आणि गोदामातल्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंगही त्यावरच टाकलं होतं. कॅमेरे बिचारे इमानेइतबारे रेकॉर्ड करत राहिले, डिस्क भरली, आणि हजेरी-पगाराच्या डेटाबेसला लिहायला जागाच उरली नाही. जागा रिकामी केली तरी डेटाबेस धड उघडेना. शेवटी अकाउंट्सच्या काकूंनी, ज्या वीस वर्षं हेच काम करतात, जुनी वही काढली आणि हाताने हिशेब मांडला. बाहेर लोक उभे होते. मुलांचे कपडे, फटाके, किराणा, सगळी खरेदी त्या संध्याकाळवर ठेवलेली. शेवटचं पाकीट गेलं तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते आणि नव्या पेठेतली दुकानं बंद व्हायला लागली होती.

रविवारी घरीच मीटिंग बसली. मामांनी मलाही बसवलं. कारण? ‘तायडीचं मासकॉम झालंय, कम्युनिकेशनचं तिला कळतं.’ नेटवर्क म्हणजे कम्युनिकेशनच की!

मामेभाऊ, म्हणजे दादा, म्हणाला, सगळं क्लाउडवर टाकू. मेल आधीच तिकडे गेला होता, तो निर्णय बरोबरच होता. पण डिझाइनच्या फायली जड आणि एमआयडीसीतलं इंटरनेट लहरी. मग तिसऱ्या सर्व्हरचं कोटेशन निघालं, अडीच लाखांचं. मामांनी ते घडी करून खिशात ठेवलं. म्हणजे नाही. सपोर्टवाला मुलगा दादाचा शाळेतला मित्र. तो म्हणाला, ‘काय बे, म्हाताऱ्याला भंगारात घाल, समदं नव्यावर चढव, खटका मिटला.’

ऐकायला सोपं वाटतं ना? एकेकाळी खुद्द मायक्रोसॉफ्ट हेच विकत होती. ‘स्मॉल बिझनेस सर्व्हर’ नावाच्या पॅकेजमध्ये लॉगिन, मेल, फायली, प्रिंटर असं सगळं एकाच मशीनवर बसायचं; 2003च्या आवृत्तीची मर्यादा 75 यूजर्स. मोठ्या कंपन्यांना तीच मायक्रोसॉफ्ट सांगायची, बाबांनो, लॉगिनचा सर्व्हर आणि डेटाबेस एका मशीनवर ठेवू नका. लहान धंद्याकडे दुसरं मशीनच नसणार, हे गृहीत. या पॅकेजची शेवटची आवृत्ती 2011ची. पुढे मेल क्लाउडवर गेले आणि पॅकेजचा जीवच गेला. पण ‘सगळं एकात’ ही सवय गावोगावच्या जिन्याखाली राहिली.

मामा फार शिकलेले नाहीत, पण चाळीस वर्षं माग चालवलेत. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, मागच्या कोऱ्या बाजूला रेघा मारल्या आणि विचारलं, ‘कुठलं काम किती वेळ बंद पडलं तर आपलं चालतंय? तेवढं सांगा.’ मशीनचा वेग, रॅम, प्रोसेसर, काही नाही. मला विचाराल तर त्या दिवशीचा सगळ्यात टेक्निकल प्रश्न हाच होता.

उत्तरं मजेशीर निघाली. टॅली म्हणजे जीव की प्राण, असं सगळ्यांना वाटत होतं. पण महिन्याची 11 आणि 20 तारीख, म्हणजे जीएसटीची रिटर्न्स सोडली, तर ती अर्धा दिवस बंद राहिली तरी आभाळ कोसळत नाही. ई-वे बिल तर पोर्टलवर, त्याला आपला सर्व्हर लागतच नाही. डिझाइनच्या फायली? एक दिवस चालेल, पण हरवल्या तर कारखाना विकावा लागेल. पगार? शनिवार सोडून कधीही बंद पडू दे. कॅमेरे? आठवडाभर. आणि लॉगिन? पाच मिनिटंसुद्धा नाही, कारण ते गेलं की अठरा कम्प्युटरवर कुणालाच फायली, टॅली, काही उघडता येत नाही.

विंडोजच्या भाषेत या कामांना ‘रोल’ म्हणतात. वाटप करताना आधी काढाकाढी झाली. कॅमेऱ्यांना स्वतःचा रेकॉर्डर, त्याची डिस्क त्याच्यापाशी. प्रिंटर थेट नेटवर्कला. मग नव्या मशीनच्या पोटात दोन व्हर्च्युअल मशीन केली; विंडोज सर्व्हरच्या एका स्टँडर्ड लायसन्सवर दोन चालतात. एकात फक्त लॉगिन. दुसऱ्यात टॅली, फायली आणि पगार. तीन कामं एका खोलीत कोंबली, हे पुस्तकात बसणार नाही. पण ती तिन्ही एकदम बंद पडली तरी सोसवतं, हे कॅलेंडरवर लिहिलेलंच होतं.

म्हाताऱ्याला भंगारात जाऊ दिलं नाही. त्याच्यावर होतं विंडोज 2012, ज्याचे अपडेट्स 10 ऑक्टोबर 2023ला थांबले, त्यामुळे लायसन्स नवं घ्यावं लागलं. तो खर्च मामांनी कुरकुरत केला. आता त्याच्यावर लॉगिनची दुसरी प्रत आणि सगळ्याचा बॅकअप. यातली खरी गोम ऐका. म्हाताऱ्याला कंपनीच्या लॉगिनमध्ये घेतलंच नाही. त्याचा पासवर्ड वेगळा, तो कागदावर, आणि कागद मामांच्या तिजोरीत. कुणाच्या मेलमधून व्हायरस आला, अगदी अ‍ॅडमिनचा पासवर्ड जरी चोरीला गेला, तरी त्या पासवर्डने बॅकअपचं दार उघडत नाही.

दादाला हे अती वाटलं. मग मी माझं मासकॉम कामाला लावलं आणि त्याला जेएनपीटीची गोष्ट सांगितली. मामांचे कंटेनर तिथूनच परदेशी जातात. 27 जून 2017ला नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने मर्स्क या अवाढव्य शिपिंग कंपनीला जगभर आडवं केलं, जेएनपीटीतलं तिच्या समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं. मर्स्ककडे लॉगिनचे सुमारे दीडशे सर्व्हर होते, सगळे एकमेकांची प्रत. म्हणजे एकाचं जे झालं तेच सगळ्यांचं. वाचला फक्त एक, आफ्रिकेत घानामध्ये. का? हल्ल्याच्या वेळी तिथे लाइट गेली होती आणि तो नेटवर्कच्या बाहेर होता! तेवढ्या एकावरून कंपनीने आपलं लॉगिन पुन्हा उभं केलं. लोडशेडिंगच्या काळात वाढलेल्या मामांनी हे ऐकून मांडीवर थाप मारली. ‘म्हंजे आपली एमएसईबी तेव्हा उगंच शिव्या खात हुती!’

एक मुद्दा मात्र आम्हाला छळत राहिला. लॉगिनच्या दोन प्रती केल्या तरी पाच कामं अशी आहेत की ती एका वेळी एकाच सर्व्हरकडे असतात. त्यातलं एक म्हणजे घड्याळ. सगळ्या कम्प्युटरची वेळ त्याच्याकडून ठरते, आणि पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की लॉगिन नाकारलं जाऊ शकतं. दादा विचारत होता, दोन सर्व्हर समान असताना हा भेदभाव का? मामींनी स्वयंपाकघरातून उत्तर दिलं, ‘गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज सात अस्तेत, पन प्रत्येकाचा मान ठरलेला आस्तोय. पुढं कोन, हे मिरवनुकीत भांडून ठरवत नसतेत.’ विषय संपला.

आणखी एक गोष्ट सपोर्टवाल्या मुलाच्या लक्षात आली, तो उगाच बदनाम व्हायला नको. दोन्ही मशीन एकाच यूपीएसवर होती, एकाच जिन्याखाली. टॉवेलच्या सुताचे तंतू पंख्यांत अडकून दोघांची घुसमट व्हायची, आणि सोलापूरचा मे महिना तर तुम्ही ऐकून असालच. दोन मशीनवर कामं विभागली आणि दोघांचा गळा एकाच वायरने आवळला जाणार असेल, तर उपयोग काय? म्हातारा आता वरच्या मजल्यावर, मामांच्या केबिनमध्ये, स्वतःच्या यूपीएसवर आहे. मामा रोज सकाळी त्याच्यावरची धूळ पुसतात.

अकाउंट्सच्या काकूंची दुसरी प्रत मात्र अजून तयार व्हायची आहे. त्या रात्री वही कशी मांडायची हे त्यांनाच ठाऊक होतं. त्या गावाला गेल्या असत्या तर? मी हे म्हटल्यावर दादाने विषय बदलला, पण काकूंनी बदलू दिला नाही. जानेवारीपासून पॅकिंगमधली एक बारावी झालेली मुलगी दर शनिवारी त्यांच्या शेजारी बसते. काकू तिला सॉफ्टवेअरआधी वही शिकवताहेत. पगारवाढ किती, यावर मात्र मामा आणि काकूंची रस्सीखेच चालू आहे, आणि मी उघडपणे काकूंच्या बाजूने आहे.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मामांनी स्वतः नव्या मशीनचं बटण बंद केलं. कुणाला न सांगता! ऑफिसात तिघंच होते. लॉगिन सुरूच राहिलं, कुणाला कळलंही नाही. फायली, टॅली आणि पगार बॅकअपमधून म्हाताऱ्यावर उभे करायला तीन तास चाळीस मिनिटं लागली. टॅली रडतखडत चालली, पण चालली. मामांनी आकडा कॅलेंडरच्या मागे लिहिला आणि खाली ‘मे’ असं लिहून गोल केला. उन्हाळ्यात परत एकदा बघायचं म्हणाले, आणि त्या वेळी शनिवारी.